हातभर तांबं

आमच्या कामाच्या जागेला खिडक्या नाहीत. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, जिथे सकाळी रस्त्यावर रसायनांचा आंबूस वास तरंगत असतो, तिथे ती लांबलचक पांढरी इमारत आहे. बाहेरून कुणाला शीतगृह वाटेल. आत माणसाच्या डोक्यावर जाणारी लोखंडी कपाटं रांगेने उभी आहेत. त्यांना आम्ही रॅक म्हणतो. प्रत्येक रॅकमध्ये चपटे सर्व्हर एकावर एक रचलेले, आणि सगळीकडे थंड हवा आणि कधी न थांबणारी घरघर. नव्याने येणाऱ्यांचं त्या आवाजाने डोकं उठतं. मला मात्र आत पाऊल टाकलं की पोटभर जेवून आडवं झाल्यावर येते तशी गुंगी येते. हात आपलं काम करत राहतात आणि मन सुटं होऊन फिरायला निघतं. बहुतेक वेळा ते विठ्ठलवाडीला जातं.

माझं काम केबली जोडायचं. आई शेजारणींना सांगते, "ती कॉम्प्युटरच्या गोदामात आहे." गोदाम म्हटलं की सुरुवातीला मला राग यायचा. आता वाटतं, चुकीचं काय आहे त्यात? लोकांचे फोटो, निरोप, भांडणं, लग्नाच्या पत्रिका, सगळं आमच्याकडेच तर पडलेलं असतं.

केबलींच्या दोन जाती. लांबचं अंतर असेल, एका दालनातून दुसऱ्या दालनात जायचं असेल, तर फायबर. ती केसासारखी बारीक काच, तिच्यातून उजेड जातो. पण यंत्रांना उजेड कळत नाही, म्हणून दोन्ही टोकांना एकेक छोटं उपकरण लावावं लागतं. एक विजेचा उजेड करतं, दुसरं उजेडाची पुन्हा वीज करतं, आणि दोन्ही बिचारी दिवसभर तापत बसतात. जवळचं काम असेल, रॅकमधल्या रॅकमध्ये, तर तांबं. काळ्या आवरणातली जाडसर केबल, दोन्ही टोकांचे धातूचे जोड कारखान्यातूनच पक्के बसवून आलेले. एक टोक सर्व्हरमध्ये, दुसरं स्विचमध्ये. स्विच म्हणजे त्या कपाटातल्या सगळ्या सर्व्हरना एकमेकांशी बोलायला लावणारी पेटी. टोक खटकन बसतं, हिरवा दिवा लागतो, झालं. मध्ये कुणी दुभाष्या नाही. या बाजूने जे दिलं तेच त्या बाजूला निघतं. आम्ही तिला डॅक म्हणतो.

मला डॅक आवडते. फायबरचं कौतुक सगळेच करतात. पण तांब्याच्या केबलीला स्वभाव आहे. ती फार लांब जात नाही. दोन-तीन मीटरच्या पुढे तिचा आवाज बसतो. तिला कापता येत नाही, जोड देता येत नाही, आहे तेवढीच घ्यायची. आणि तिला कोपऱ्यात काटकोनात दुमडायला गेलात तर ती रुसते. समजुतीने, मोठ्या वळणाने न्यावं लागतं. थेट आमच्या मावशीवर गेलेली.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या, म्हणून ती माझी काकूही होते, पण आम्ही तिला मावशीच म्हणत आलो. विठ्ठलवाडीला, बस डेपोच्या मागच्या चाळीत दोन भावांनी दोन शेजारच्या खोल्या घेतल्या. मधली भिंत एकेरी विटांची. दोघींचे नवरे गेले, पोरं मोठी झाली, त्या दोघी मात्र त्या भिंतीच्या दोन बाजूंना तशाच राहिल्या. पौर्णिमेला दोघी पांढऱ्या साड्या नेसून विहारात जायच्या, तेवढाच वेळ एकत्र. एरवी एका खोलीत फार वेळ बसल्या की भांडण ठरलेलं. डाळीला फोडणी आधी की नंतर यावरून त्या दोन दिवस अबोला धरू शकत.

उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडून परकर शिवायचं काम यायचं. कापलेले तुकडे गाठोड्याने येत. आई शिवणी मारायची, मग गाठोडं पलीकडे जायचं. मावशी नेफा दुमडायची आणि त्यात नाडी ओवायची. शेठचा माणूस दारात यायचा आणि ओरडायचा, "अम्मा, माल रेडी?" मावशी आतून म्हणायची, "रेडी नाय, रेडी नाय, चहा पिऊन जा." आमच्या घरात नाड्यांचे गुंडे ठिकठिकाणी पडलेले असत. आम्ही नाडीने पुस्तकं बांधायचो, कपडे वाळत घालायचो, दाराची कडी ओढायचो. कपाट दारातून आत जाईल का हेसुद्धा आई नाडीने मोजायची, गाठ मारून.

पण त्या घरातली खरी गोष्ट म्हणजे भिंत. मावशीचे कान हळूहळू गेले. आधी दारावरची हाक ऐकू येईना, मग तोंडासमोरचं बोलणं. दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, कानातलं यंत्र आणून दिलं. तिने ते दोन दिवस घातलं आणि डब्यात टाकलं. म्हणाली, "कानात माशी शिरल्यागत वाटतं." मग आईने लाटणं उचललं. लाटण्याच्या टोकाने भिंतीवर ठोकायचं. पलीकडे मावशीची खाट भिंतीला लागूनच, तिचा एक तळवा दिवसभर भिंतीवर टेकलेला. ठोका तिला हातातून कळायचा.

एक ठोका म्हणजे चहा टाकलाय, ये. दोन ठोके म्हणजे नळाला पाणी आलं. घाईघाईने चार-पाच म्हणजे असशील तशी ये. मावशी उत्तर द्यायची ते हातातल्या कड्याने. सांधे दुखतात म्हणून तिने एक तांब्याचं कडं घातलं होतं, ते टकटक वाजायचं. आणि चहाच्या ठोक्याला तिचं एक खास उत्तर होतं. ती कडं भिंतीवरून लांबलचक ओढायची. कर्रर्र. त्याचा अर्थ, किती उशीर! चहा वेळेवर असला तरी कर्रर्र. आई दर वेळी लाटणं खाली ठेवून म्हणायची, "आली मोठी शहाणी."

दुपारी शाळेतून येऊन मी त्या भिंतीला डोकं लावून झोपायचे. ठोके माझ्या कवटीत उमटायचे. अर्धवट झोपेत मला वाटायचं की भिंतच बोलतेय, तिला दोन तोंडं आहेत, आणि ती स्वतःशीच चहावरून भांडतेय. चुन्याचा थंडगार वास, शिवणयंत्राची टरटर, वर पंख्याची कुरकुर. आजही रॅकच्या मागे उभी राहिले की कधी कधी तोच चुन्याचा वास येतो. तिथे चुना कुठून येणार?

मग मालकाने चाळ पाडायला काढली. त्यात कुणाची चूक नव्हती. गॅलरीच्या तुळया हाताने कुस्करता येत होत्या. आईला मी बदलापूर गावात माझ्या फ्लॅटवर आणलं. दोन लहान खोल्या आणि एक हॉल. तोवर मी एकटीच राहत होते, त्यामुळे एक खोली माझी, एक तिची. मावशीला दादा नाशिकला घेऊन गेला. तो तिकडे नोकरीला, घर मोठं, माणसं चांगली. सगळं रीतसर झालं. निघताना दोघी रडल्याही नाहीत. आईने तिला विचारलं, "डबा घेतला?" मावशीला ऐकू आलं नाही. आईने पुन्हा विचारलं नाही.

बदलापूरला पहाटे नदीवरून धुकं येतं आणि इमारतींच्या खालच्या मजल्यांमध्ये भरून राहतं. वरून पाहिलं की वाटतं आपण कुठेच बांधलेले नाही, नुसते तरंगतो आहोत. आई खिडकीत उभी राहायची आणि ते धुकं बघायची. पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातून ठक असा आवाज ऐकला. आत गेले तर आई चहाचं आधण ठेवून, लाटणं हातात धरून भिंतीसमोर उभी. तिला स्वतःलाच नवल वाटलेलं. ठोका सवयीने गेला होता. थोड्या वेळाने बेल वाजली. शेजारची बाई दारात. "आंटी, कुछ चाहिए क्या?" आई म्हणाली, "नाय, नाय, भिंत बघत होते." त्या बाईने काय समजूत करून घेतली कोण जाणे, पण तिने संध्याकाळी आईला वाटीभर कढी आणून दिली.

फोनचं सांगायलाच नको. दादा रोज व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. मावशीला ऐकू येत नाही आणि पडद्यावरचे ओठ वाचायची तिला सवय नाही. शिवाय चित्र मध्येच अडकतं, ओठ तुटक हलतात. ती फोन उलटा करून मागची बाजू बघायची, जणू आई तिथे दडून बसलीय. आई ओरडायची, "आक्का, जेवलीस काय?" मावशी आमच्याकडे बघून हसायची. मग हसणंही थांबलं. मग ती फोनकडे बघेनाशी झाली. दादा सांगायचा, डॉक्टरला दाखवलं, सगळे रिपोर्ट चांगले आहेत, पण ती दिवसभर खुर्चीत बसून असते, कुणाशी बोलत नाही, दोन घास खाते आणि ताट सरकवते. "अगं, आता तर मला बघून पण ओळखल्यासारखं करत नाय," तो एकदा म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.

हे ऐकल्यापासून आईचंही जेवण अर्ध्यावर आलं. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडते, हा माझा स्वभाव. मी तिला म्हटलं, "तुम्ही दोघी काय ठरवून उपास करताय का?" ती म्हणाली, "तिला कळत असंल सगळं. ती आत हाय. पण तिला बोलवणार कोण?" तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मावशी आत आहे की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. जितके दिवस जातील तितकी ती आणखी आत जाणार, एवढं मात्र मला दिसत होतं.

त्या दिवसांत एका दुपारी, जेवणानंतरच्या डुलकीत मला स्वप्न पडलं. बदलापूरजवळच्या चामटोलीचं भातखाचर, कापणी झालेलं, आणि मधोमध आमची ती भिंत एकटीच उभी. ना छप्पर, ना खोल्या. एका बाजूला आई बसलेली, दुसऱ्या बाजूला मावशी, दोघी गुडघ्यावर परकर घेऊन. मी भिंतीच्या कडेने चालत होते आणि भिंतीचा शेवट काही येत नव्हता. जाग आली तेव्हा माझा तळवा भिंतीवर टेकलेला होता.

त्याच सुमारास आमच्याकडे नव्या रॅकची रांग आली. केबलींची लांबी ठरवायचं काम माझं. इतर लोक पट्टीने किंवा अंदाजाने ठरवतात. चालू यंत्रांच्या मागे स्टीलची टेप नेऊ देत नाहीत, आणि ती तिथल्या वळणांतून फिरतही नाही. म्हणून मी पहिल्यापासून परकराची नाडी वापरते. स्विचच्या पोर्टपासून, म्हणजे केबलीचं टोक बसतं त्या भोकापासून, नाडी धरायची, कडेच्या खाचेतून खाली सोडायची, सर्व्हरच्या पोर्टपर्यंत आणायची, गाठ मारायची. सगळे हसतात. आमचे सिनियर साहेब, वय झालेला कोकणी माणूस, मोठ्याने ओरडतात, "अरे, मॅडमची नाडी आणा, काम थांबलंय!" पण माझी मापं कधी चुकली नव्हती, म्हणून हसून सोडून देत.

चुकली नव्हती, कारण मी आलेल्या मापापेक्षा नेहमी एक पायरी मोठी केबल मागवायचे. या वेळी ठरवलं की उरलेल्या केबलीची वेटोळी नकोत. ती गरम हवेच्या वाटेत येतात आणि मागची बाजू घरट्यासारखी दिसते. बरोबर मापाच्याच घेऊया. नाडी फिरवली, गाठ मारली, माप दिलं. खोकी आली. वरच्या सर्व्हरना केबली छान बसल्या. खालच्या सर्व्हरपाशी आले आणि केबल पुरेना. टोक पोर्टच्या एक वीत अलीकडे थांबत होतं.

नाडी कापडाची. ती कोपऱ्यात चपटी होऊन काटकोनात वळते. तांबं तसं वळत नाही. ते प्रत्येक कोपऱ्यावर मोठं, गोल वळण मागतं, आणि त्या वळणांनी माझी एक वीत खाल्ली होती. परकराच्या घरात वाढलेल्या बाईलाच सुचावी अशी चूक. मी केबल ताणून बघितली. ओढून-ताणून टोक कसंबसं आत गेलं. हिरवा दिवा लागला, विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. मी तिथे जमिनीवर बसून त्या दिव्याकडे बघत राहिले. यंत्र आत चांगलं होतं. स्विचही चांगला होता. पण हाक पोचायची नाही, पोचली तर टिकायची नाही. आणि मला, खरं सांगते, रडू आलं. केबलीसाठी नव्हे.

साहेब मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी ताणलेली केबल बोटाने छेडली. "ये क्या सतार लगाया है, मॅडम?"

"सर, कमी पडली. एक वीत. सगळीच्या सगळी खोकी परत करावी लागतील. नाहीतर खालच्यांना फायबर देऊ."

"एवढ्याशा अंतराला फायबर?" त्यांनी तोंड वाकडं केलं. "तांबं ताणून लांब होत नाय. स्विच वर कशाला ठेवलाय?"

"नेहमी वरच असतो ना."

"नेहमी असतो म्हणून? खाली घ्या. मधी बसवा. वरचे पण जवळ, खालचे पण जवळ. अजून काय चालू तर झालेलं नाय."

एवढं बोलून ते चहाला गेले. आम्ही वरचा स्विच काढला, मधले दोन सर्व्हर वर सरकवले आणि स्विच मधोमध बसवला. मग त्याच केबली, ज्या कमी पडत होत्या, त्या सैल, मोठ्या वळणांनी वर गेल्या आणि खाली गेल्या. वरपासून खालपर्यंत हिरवे दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. मी बराच वेळ तिथे उभी होते. घरघर चालू होती, पाठीला गरम हवा लागत होती, आणि माझ्या डोक्यात दुसरंच घर मांडलं जात होतं.

स्कूटरवरून घरी येताना मी स्वतःवर हसत होते. इतके दिवस आम्ही काय करत होतो? मोठा फोन घेऊ, कानाचं नवं यंत्र घेऊ, दादाला म्हणू स्पीकर लाव. हाक लांबवायच्या मागे लागलो होतो. माणसं हलवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण मुलाची आई मुलाकडे आणि मुलीची आई मुलीकडे हे नेहमीचं होतं.

घरात शिरल्या शिरल्या आईला म्हटलं, "मावशीला इकडे आणूया. तुझ्या खोलीत दुसरी खाट टाकू."

आईचे डोळे चमकले आणि लगेच कपाळाला आठी पडली. "एका खोलीत? आक्का नि मी? दोन दिसांत झिंज्या धरू एकमेकींच्या."

"मग?"

"भिंत पायजे मधी," ती म्हणाली, जणू ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट होती.

भिंत होती. तिच्या खोलीच्या आणि माझ्या खोलीच्या मधली. मी माझ्या खोलीकडे बघितलं. खिडकी, खिडकीतून दिसणारे डोंगर, माझं टेबल, माझी एकटीची झोप. किती वर्षं मी असल्या खोलीची स्वप्नं बघितली होती. वाईट वाटलं. वाटलं नाही असं सांगितलं तर खोटं होईल. मग मी माझी गादी गुंडाळून हॉलमध्ये टाकली.

दादा आधी ऐकेना. "अगं, लोक काय म्हणतील? पोराला आई जड झाली?"

"लोकांना माझ्याकडे पाठव. मी त्यांना चहा पाजते."

"आणि तिला आता काय कळतंय? तिकडे आणून पण ती अशीच बसून राहिली तर?"

मी म्हटलं, "बसू दे. पण बसेल ती तिच्या भिंतीपाशी." मग तो म्हणाला, "रविवारी आणतो."

रविवारी तो तिला घेऊन आला. लिफ्टचं दार उघडलं आणि मी ओळखलंच नाही, इतकी ती आटली होती. दादाने धरून आणलं तशी आली, बसवलं तशी बसली. आई समोर उभी. मावशीची नजर आईवरून सरकली आणि पंख्यावर जाऊन थांबली. आईने तिच्या गालावरून हात फिरवला. काही नाही. आई मग आपल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. दादाने माझ्याकडे बघितलं. मला त्याच्याकडे बघवेना.

आम्ही मावशीला तिच्या, म्हणजे माझ्या, खोलीत नेलं. वारा लागावा म्हणून मी खाट पंख्याखाली मधोमध ठेवली होती. ती काठावर बसली, हात मांडीवर. पलीकडून ठोका आला. एकच. लाटण्याचा. मावशी हलली नाही. थोड्या वेळाने पुन्हा एक. मावशी तशीच. दादा पुटपुटला, "बघितलंस?"

मला एकदम माझी स्वतःचीच अक्कल दिसली. खाट कुठे, भिंत कुठे! बाई ऐकणार कशाने? "उचल," मी दादाला म्हटलं. मावशीसकट आम्ही खाट ओढत भिंतीला नेली. मी तिचा हात उचलून तळवा भिंतीवर ठेवला, आणि तेव्हा लक्षात आलं, मनगट रिकामं होतं.

"कडं कुठाय?"

"ते निसटत होतं गं सारखं, हडकली ना ती. म्हणून काढून ठेवलं." त्याने पिशवीतून काढून दिलं. खरंच, तिच्या मनगटातून ते कोपरापर्यंत सरकत होतं. कपाटात नाडीचा गुंडा होता. मी कड्याच्या एका बाजूला नाडीचे वेढे घातले, घट्ट बसेपर्यंत, आणि उरलेलं तांबं उघडं ठेवलं. तिच्या हातात घातलं. पुन्हा तळवा भिंतीवर टेकवला आणि माझा तळवा त्याच्या शेजारी ठेवला.

पलीकडे शांतता होती. मला वाटलं आई खचली. मी हाक मारणार, इतक्यात ठोका आला. माझ्या हातालाही कळला, विटेतून, थेट. मावशीची बोटं किंचित पसरली. तिने भिंतीकडे मान वळवली. खिडकीत दुपारचा पिवळा उजेड होता, खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं. मग तिचं मनगट हललं. कडं भिंतीला टेकलं, आणि तिने ते ओढलं, सावकाश, लांबलचक, माझ्या भिंतीच्या नव्या रंगावर ओरखडा उठवत.

कर्रर्र.

दादा खाली बसला आणि त्याने तोंड हातांत लपवलं. पलीकडे लाटणं जमिनीवर पडल्याचा आवाज आला आणि मग आईचा, रडून चोंदलेला. "आली मोठी शहाणी."

मी धावत तिच्या खोलीकडे गेले, पण ती आधीच डोळे पुसत स्वयंपाकघरात पोचली होती आणि पातेलं शोधत होती. ठोके देण्याच्या नादात तिने चहा टाकलाच नव्हता. मावशीचं बरोबर होतं, उशीर झालाच होता.